जुन्या गावाचं कुलूप

१

"पासवर्ड कुणीतरी बदललाय," असं म्हणून शिवप्रसाद कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतून ताडकन उठला. त्याच्यावर अजून कुणी आळ घेतलाच नव्हता.

माकणीतल्या त्या फोटो स्टुडिओत आम्ही सहाजण होतो. पंखा तेवढा कुरकुरत होता. कोपऱ्यातल्या पलंगावर स्टुडिओचे मालक गुरुसिद्धप्पा उशीला टेकून बसले होते. संक्रांतीच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत होतं. उशाशी त्यांची बायको नागम्मा, दारात पुतण्या अमरनाथ आणि उंबऱ्यावर कोंडाबाई. त्यांच्या पोराचं नाव सांगितलंच, शिवप्रसाद. सहावी मी, डॉक्टर शिवलीला. जनावरांची.

माझे पेशंट बोलत नाहीत. त्यामुळे माणसं बोलायला लागली की मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि हातापायांकडे जास्त बघते. खोड वाईट आहे, घरच्यांनी यावरून पुष्कळ ऐकवलंय. दुसरी खोड त्याहून वाईट. एखादी गोष्ट अर्धवट राहिली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

मला इथं ओढून आणलं ते कोंडाबाईनं. तिची म्हैस तपासायला गेले, तर कोंडाबाई रेडकाच्या तोंडावरून हात फिरवून त्याचे डोळे शोधत होती. काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलीसुरली नजरही आता फार दिवसांची नाही.

"नजर जाऊ द्या, बाई," ती म्हणाली होती, "पण जायच्या आदी माझी भागी एकडाव बघायची हाय. इतकी वर्सं त्यो धीर झाला न्हाय. तिचं तोंडच आठवंना झालंय मला."

भागीरथी तिची पोर. त्र्याण्णवच्या भूकंपात घराखाली गेली. पोरीचा फोटो, फ्रॉक, पाटी, सगळं घराबरोबरच गेलं. त्या भागातल्या कितीतरी घरांत हेच झालं, माणसं गेली आणि त्यांचे चेहरेही गेले. पण गुरुसिद्धप्पा त्या काळी गावोगाव फिरून फोटो काढायचे आणि त्यांच्या निगेटिव्हची पत्र्याची पेटी शाबूत सापडली. पुढं कितीतरी वर्षं खपून त्यांनी एकेक निगेटिव्ह कॉम्प्युटरवर चढवली. मग पेटीला ओल लागली, निगेटिव्ह एकमेकींना चिकटून बसल्या. आता जे काही होतं ते या जुनाट कॉम्प्युटरात, 'जुनं गाव' नावाच्या एका कुलूपबंद फाइलीत.

आणि ती उघडत नव्हती.

२

कॉम्प्युटरचा पहिला पासवर्ड कुणाच्याच लक्षात नव्हता, पण तो लोहाऱ्याच्या मेकॅनिकनं चहा येईपर्यंत काढून टाकला. 'जुनं गाव'पाशी मात्र त्यानं हात टेकले. हे कुलूप तोडता येत नाही म्हणाला, किल्लीच पाहिजे. किल्ली तर गुरुसिद्धप्पांकडे, म्हणजे आमच्या अप्पांकडे होती, आणि ती त्यांनी दिली सुद्धा. तीही गंमतच झाली.

"अप्पा, शब्द कोणता हो?" मी विचारलं होतं.

अप्पांनी आढ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. शेवटी डावा हात बायकोकडे केला. "हिचं... नाव."

नागम्मानं पदर तोंडाला लावला. आयुष्यभर या माणसानं बायकोला नावानं हाक मारली नव्हती, आणि कुलपाला तेच नाव घातलं होतं! अमरनाथ हसला, मी हसले. शिवप्रसादनं टाईप केलं, नागम्मा. चुकीचा पासवर्ड. एक ए घालून बघितला, दोन ए घालून बघितले, मोठ्या अक्षरांत, लहान अक्षरांत. चुकीचा, चुकीचा, चुकीचा. दरवेळी अप्पा उशीवरून मान उचलून म्हणत होते, "त्योच हाय... त्योच."

मग ते बदललाय प्रकरण निघालं. बदलला असेल तर कुणी? मी एकेकाला बाहेर कट्ट्यावर गाठायचं ठरवलं. मला कुणी अधिकार दिला नव्हता, पण म्हशीच्या पोटात हात घालायलाही मी म्हशीची परवानगी घेत नाही.

शिवप्रसाद आधीच चिडलेला होता. "मला इथं मोबाईलचं दुकान टाकायचंय मॅडम, चोरून सांगत न्हाय. हा डबा भंगारात घालायचा हाय. पण ज्याला भंगारात घालायचंय त्याला कुलूप कशाला लावू?"

मुद्दा बिनतोड होता. फाइल मी पेन ड्राइव्हवर घेतलीच होती, पण कुलपासकट. तिच्या खाली तारीख दिसत होती, मागच्या दिवाळीची. त्या वेळी मी ती नुसती वाचली आणि पुढं गेले.

अमरनाथ लोहाऱ्यात स्टुडिओ चालवायचा. गोड बोलायचा, आणि बोलताना अंगठा मोबाईलवर सारखा चालू. त्याला या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं, स्वतःच्या नावानं. अप्पांनी नकार दिला होता.

"काका दवाखान्यात असताना तुम्ही इथं आला होता?"

"आलो होतो की. कीबोर्ड बदलायला."

"का? जुन्याला काय झालं होतं?"

"जुना नव्हताच जागेवर." त्याचा अंगठा थांबला. "कुणीतरी काढून नेला होता. मशीन तसंच ठेवून नुसता कीबोर्ड कोण नेतं, मॅडम? म्हणून मी कुणाला बोललो न्हाय. घरात भांडणं नकोत."

कॉम्प्युटर सोडून कीबोर्ड नेणारा चोर मी तरी ऐकला नव्हता.

नागम्मा काकूंशी बोलायला मी आत गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "उघडत न्हाय त्ये बरंच हाय."

३

"काकू, असं का म्हणता?"

"त्यो डबा उघडला की यांचा जीव वर-खाली होतो, डॉक्टरीणबाई. दरसाली भूकंपाच्या दिवशी लोकं यायची. ह्ये माजं माणूस, त्ये माजं लेकरू. ह्ये दावायचे, आन् मग रातभर नुसते बसून. आता अजून एक झटका आला म्हंजी?" त्यांनी तव्यावर भाकरी टाकली. "तुमी लोकं फोटू बघून घरला जाशीला. माजं घर ह्येच हाय."

बाईचं खरं होतं. पण बाहेर उंबऱ्यावर कोंडाबाई बसली होती आणि तिचंही खरं होतं. दोन खऱ्यांच्या मध्ये सापडलं की मी काहीतरी वेगळंच विचारते.

"तुमचं लग्न कुठं झालं?"

"उमरग्याला." त्या जरा सैल झाल्या. "तवा ह्ये सरकारी नोकरीच्या मागं हुते. टायपिंगच्या परीक्षेला बसलेले. मशीन न्हाय घरात. म्या भाकरी करायची, ह्ये परातीच्या काठावर बोटं वाजवत बसायचे. करंगळी तर अशी आपटायचे, पीठ उडायचं." हसू आलं तसं त्यांनी आवरलं. "नोकरी लागली न्हाय. मग फोटू, लग्नपत्रिका, असलंच."

त्यातलं मी एकच ऐकलं, लग्न. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं, किंवा मला तसं वाटलं. लग्नात सासरची माणसं नाव बदलतात! अप्पांच्या मनातलं 'हिचं नाव' कदाचित माहेरचं असेल.

"काकू, माहेरचं नाव काय तुमचं?"

त्या चपापल्या. "शिवगंगा. आता कोण म्हणतंय त्ये?"

मी धावतच बाहेर गेले. हुशारी अंगात आली की माणूस चालत नाही. सगळ्यांसमोर, लग्नात बदललेल्या नावाचं छोटंसं भाषण ठोकून, मी ऐटीत टाईप केलं, शिवगंगा.

चुकीचा पासवर्ड.

अमरनाथनं खोकल्यासारखं केलं. शिवप्रसादनं तेही केलं नाही, सरळ हसला. पण पलंगावर अप्पा थरथरायला लागले होते. "न्हाय... हिचं नाव... नागम्मा..." पहिल्यांदाच त्यांनी ते सगळ्यांसमोर उच्चारलं. चेहरा लाल, ओठाच्या कडेला फेस. मला माझीच लाज वाटली.

नागम्मा काकू पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या. "बेडा! नगं म्हंते ना! उठा सगळे, निघा माज्या घरातनं!"

४

कोंडाबाईला घरी सोडायला मी तिच्याबरोबर चालत निघाले. ती माझ्या दंडाला धरून होती. रस्त्यात खडा लागला तरी तिची पकड घट्ट व्हायची.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तुमी लई केलं."

"मी काहीच केलं नाही, मावशी. त्या म्हाताऱ्याचा जीव घाबरा केला, एवढंच."

"आठवायला बसते म्या रोज. कपडे आठवत्यात. हाक कशी मारायची त्ये आठवतंय. तोंडाच्या जागी मात्र दुसऱ्याच पोरी येत्यात. नातीचं येतं, शेजारणीच्या पोरीचं येतं." ती थांबली. "आई असून असं व्हतं का ओ कुणाचं?"

होतं, असं मी म्हणाले. पण मला खरं माहीत नव्हतं.

घरी जाऊन मी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. डोक्यात किडा वळवळत होता. अप्पा खोटं बोलत नव्हते. रागाच्या भरात, घाम फुटलेला असताना माणूस बायकोचं नाव बनवून सांगत नाही. मग पासवर्ड बदलला कोणी? आणि कीबोर्ड कशाला नेला?

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंची माफी मागायला गेले. बाहेर कुणी नव्हतं, अप्पांचा डोळा लागला होता. आत काकू देवघरापाशी बसून काहीतरी कापडानं पुसत होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी ते पदराखाली ओढलं. पण केवढं तरी लांब होतं ते, पदरात कसलं मावतंय. काळी वायर खाली लोंबत होती.

तो चोरीला गेलेला कीबोर्ड होता.

५

"काकू, तुम्ही नेलात?"

"माज्या घरातनं म्याच कशाला चोरू?" त्या फणकारल्या, आणि मग त्यांचा आवाज फुटला. "दवाखान्यात डॉक्टर म्हणले, हात गेला. म्या घरी आले तर ह्ये फुडं दिसलं. बगा की, यांच्या बोटांनी पार झिजलंय. हात गेला, म्हणलं निदान ह्ये तरी असू द्यावं."

त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. मला आधी नुसतंच भरून आलं. नवऱ्याचा चष्मा, काठी, चपला ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या, पण ही कीबोर्ड पुसत बसली होती. एकमेकांना नावानं हाक न मारता या दोघांनी काय काय साठवून ठेवलं होतं!

मग माझी खोड जागी झाली. मी झिजेकडे बघायला लागले. जनावर कुठल्या पायावर भार टाकतं ते त्याच्या खुरावरून कळतं, तसंच हे.

'के' हे अक्षर पार पुसलेलं, नुसता गुळगुळीत काळा चौकोन. 'एल'च्या शेजारचं अर्धविरामाचं बटणही तसंच. आणि 'टी' मात्र जवळजवळ कोरा. इंग्रजी लिहिणाऱ्या माणसाचा 'टी' कोरा राहील? आणि अर्धविरामाची एवढी हौस कुणाला असते?

अप्पा इंग्रजी लिहीतच नव्हते. ते लग्नपत्रिका करत होते, मराठी टाईपरायटरवर शिकलेल्या बोटांनी. त्या पद्धतीत 'के'च्या जागी काना असतो आणि अर्धविरामाच्या जागी 'य'. प्रत्येक ओळीत दहादा लागणारा काना! आम्ही आजकालचे लोक इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतो, अमरनाथचा अंगठा दिवसभर तेच करतो. अप्पांच्या बोटांना ती रीत कधी माहीतच नव्हती.

मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. आता ती तारीखही बोलायला लागली. फाइलीवर दिवाळीची तारीख होती. नवा पासवर्ड घालायचा तर फाइल नव्यानं बांधावी लागते आणि तारीख बदलते. अमरनाथ आला संक्रांतीनंतर. शिवप्रसादच्या मोबाईलच्या दुकानाचा विषय त्याच्याही नंतरचा. म्हणजे दिवाळीपासून त्या फाइलीला कुणी हातही लावला नव्हता. कुलूप तेच, शब्द तोच, फक्त टाईप करणारा हात दुसरा. आम्ही चोर शोधत होतो आणि चोरी झालीच नव्हती.

एकच गोष्ट विचारायची राहिली. अप्पा जागे झाले तशी मी पलंगाशी बसले.

"अप्पा, पासवर्ड तुम्ही मराठीत टाईप करायचा?"

त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की माझ्या डिग्रीची त्यांना शंका आली असावी.

"मग? नाव हिचं... इंग्रजीत कशाला टाकू?"

"पण पडद्यावर मराठी उमटायचं का?"

"ठिपके... उमटायचे." ते थांबून दम घेत म्हणाले. "ठिपक्याला... काय मराठी, काय इंग्रजी?"

म्हणजे बोटं मराठीच्या जागा दाबायची आणि ठिपक्यांखाली कॉम्प्युटरला भलतीच इंग्रजी अक्षरं मिळायची.

६

शिवप्रसादला हाक मारली. अमरनाथलाही फोन करून बोलावलं. त्याच्यावर संशय घेतल्याचं मी कबूल केलं तर तो म्हणाला, "माझ्यावर मीच घेतला असता, मॅडम." जुना कीबोर्ड जोडला. खुर्चीला उशा लावून दोघांनी अप्पांना उचलून बसवलं.

अप्पांनी डावा हात कळांवर ठेवला. बोटं आपसूक आपापल्या जागी गेली. मग त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर पडून होता.

"कुठलं बोट, कुठं, ते सांगा अप्पा. मी दाबते."

त्यांना सांगता येईना. तोंड उघडायचं, मिटायचं. मला वाटलं जीभ अडली, पण तसं नव्हतं. बोटाला जे माहीत होतं ते त्यांना शब्दांत कधी सांगावंच लागलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

नागम्मा काकू इतका वेळ दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या. जवळ आल्या, नवऱ्याचा मेलेला हात दोन्ही हातांत उचलला आणि कळांवर ठेवला. त्यांनी त्याची बोटं एकेक करून सरळ केली.

"सांगा आता," त्या म्हणाल्या. "कुटलं हलवू?"

हात जागेवर गेला आणि अप्पांना सांगता यायला लागलं. पहिलं बोट, वरच्या ओळीत. काकूंनी ते उचलून दाबलं. मधलं बोट, हाय तिथंच. दाबलं. मग त्यांचा डावा हात स्वतःच हलला, एकदा खाली, दोनदा वर. परत उजव्याचं मधलं.

चुकीचा पासवर्ड.

शिवप्रसाद खुर्चीमागून पुटपुटला, "बास आता, बाबांना त्रास होतोय." आणि खरंच अप्पांचा श्वास वाढला होता. काल याच जागी मी एका हुशारीपायी त्यांना थरथरायला लावलं होतं. आता थांबा म्हणायचा हक्क काकूंचा होता. मी त्यांच्याकडे बघितलं.

काकू नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या.

"करंगळी," त्या म्हणाल्या. "करंगळी आपटायचे तुमी. ती कुटं गेली?"

अप्पांनी मान वळवली. अर्धा म! टाईपरायटरवर अर्धं अक्षर काढायचं तर एका हातानं अक्षर दाबताना दुसऱ्या हाताची करंगळी शिफ्टवर दाबावी लागते. मराठी टायपिंग शिकलेल्या प्रत्येकाची ती सवय. म्हणूनच अप्पांना ती सांगायची राहिली, श्वास घेतो म्हणून कोण सांगतं? नागम्मा या नावात दोन म, एक अर्धा, एक पूर्ण.

परत पहिलं बोट. मधलं बोट. डावा हात खाली. मग काकूंनी ती लुळी करंगळी कोपऱ्यातल्या शिफ्टवर धरून ठेवली, आणि अप्पांचं डावं बोट वरच्या ओळीत गेलं. करंगळी सोडली. परत तेच बोट. मधलं बोट.

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि फोटो यायला लागले. धोतर-टोपीतले म्हातारे, नवी सायकल धरलेला पोरगा, मारुतीच्या पारावर पैलवान, पाळण्यातली जुळी. गाव भरत गेलं. अमरनाथ मोबाईल खिशात घालून बघत होता. शिवप्रसादनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला तो तसाच राहू दिला. अप्पांचा श्वास हळूहळू खाली बसला. काकूंनी त्यांचा हात अजून सोडला नव्हता.

मी गाडी काढून कोंडाबाईला घेऊन आले.

तिला पडद्याच्या अगदी जवळ बसवलं. तिला समोरचं एवढंसंच दिसायचं, एखाद्या नळीतून बघावं तसं. अप्पांनी डाव्या हातानं फोटो पुढं सरकवत नेले. कुठलं माणूस कुठं आहे ते त्यांना अजून पाठ होतं. एका फोटोवर ते थांबले.

कोंडाबाई पुढं झुकली. नाक पडद्याला लागेल इतकी. तिची मान एका कडेपासून हळूहळू सरकत गेली आणि मध्यावर थांबली.

"भागे," ती म्हणाली. "भागे, अगं हितंय व्हय तू!"

दोन वेण्या घातलेली, दात पडलेली सहा वर्षांची पोर कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघत होती. कोंडाबाईनं बोटानं तिच्या कपाळावरची बट बाजूला करून बघितली. काचेवरची बट कसली हलते!

थोड्या वेळानं तिची मान आणखी वर सरकली. तिथं पोरीला मांडीवर घेऊन एक बाई बसलेली होती. डोक्यावर पदर, नव्या बांगड्या आणि हसू दाबून धरल्यावर होतो तसा गाल.

"आन् ही कोण?" कोंडाबाईनं विचारलं. "माज्या पोरीला धरून बसलेली?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मान हलवली.

"तुम्हीच आहात, मावशी."

कोंडाबाईनं डोळे पुसले आणि परत वाकून बघितलं.

"बया," ती म्हणाली. "म्या बी पोरच हुते की."